जुन्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते तेव्हा: अल्टरनेटर बदलण्यापूर्वी करायच्या चाचण्या

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. वीस-पंचवीस वर्षे जुनी, कार्ब्युरेटरची किंवा इंजेक्शनच्या सुरुवातीच्या काळातील गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. धक्का देऊन किंवा दुसऱ्या बॅटरीवर सुरू केली की दिवसभर बिनतक्रार चालते. नवी बॅटरी बसवल्यावर काही महिने बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होते. पुढच्या खेपेला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग, उतरवला जातो, त्याचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) आणि कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बदलले जातात, आणि तरीही पावसाळ्यातील एखाद्या रात्री वायपर, ब्लोअर आणि हेडलाइट एकदम लावले की दिवे पिवळे पडू लागतात. खर्च होत राहतो, पण प्रत्येक वेळी तो अंदाजावर होतो.

असा दोष परत परत येत असेल, तर बॅटरी किंवा अल्टरनेटर खराब असण्यापेक्षा त्या दोघांना जोडणारी वाट, म्हणजे केबल, लग (केबलच्या टोकाची धातूची कडी), नट-बोल्ट आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीशी असलेली जोडणी), खराब असण्याची शक्यता मला अधिक वाटते. ही वाट नुसती पाहून किंवा हलवून तपासता येत नाही. तिच्यातून भरपूर करंट वाहत असतानाच तिचे खरे स्वरूप कळते. त्यामुळे खालील चाचण्यांचा क्रम शक्यतो बदलू नये आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवावा.

साहित्य फारसे लागत नाही. दहा अँपिअरपर्यंत करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरच्या २१ वॉट बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि दहा-बाराचे पाने एवढे पुरते. मीटर स्वस्तातला असला तरी चालतो, मात्र त्याची बॅटरी ताजी असावी, कारण मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की अनेक मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त व्होल्ट दाखवतात आणि सगळे निदान चुकते.

आधी बॅटरी

उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंगची कोणतीही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. म्हणून बॅटरी प्रथम बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. छोट्या गाड्यांच्या ३५ अँपिअर-अवर बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास देणे योग्य. घाईने मोठ्या करंटवर तासाभरात भरलेली बॅटरी वरवर भरलेली दिसते, पण ती आतून भरलेली नसते. चार्जर काढल्यावर बॅटरी काही तास, शक्य असल्यास रात्रभर, तशीच ठेवावी आणि मग व्होल्टेज पाहावे. १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक असल्यास बॅटरी भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती अर्धी असते आणि १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. विश्रांती न देता लगेच घेतलेला १३ चा आकडा काहीच सांगत नाही.

त्यानंतर सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवरच मीटरची टोके धरावीत. भरलेली बॅटरी सेल्फ फिरवताना ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर एकतर बॅटरी कमकुवत झाली आहे किंवा सेल्फची मोटर प्रमाणाबाहेर करंट खेचत आहे. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतील ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ते पाण्याच्या तुलनेत किती जड आहे, तपासावे. एखाद्या कप्प्याचे माप इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल तर तो कप्पा गेला आहे, आणि मग पुढचे काहीही करून ती बॅटरी टिकणार नाही. पातळी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालावे. ॲसिड कधीही घालू नये.

चार्जिंगचा लाल दिवा काय सांगतो

मीटर न लावता मिळणारी सर्वांत उपयोगी माहिती डॅशबोर्डवर असते आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, बॅटरीचे चिन्ह असलेला लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच तो पूर्ण विझला पाहिजे. चावी फिरवूनही दिवा लागत नसेल, तर तो गेला आहे म्हणून सोडून देऊ नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच बल्बमधून अल्टरनेटरच्या रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) सुरुवातीचा करंट मिळतो आणि त्यावर रोटरमध्ये चुंबकत्व तयार होते. बल्ब उडालेला असेल किंवा त्याची वायर तुटलेली असेल, तर अल्टरनेटर कमी वेगावर जागा होत नाही. एकदा ॲक्सिलेटर जोरात दाबला की मात्र कधीकधी उरलेल्या चुंबकत्वावर सुरू होतो. ‘कधी चार्ज करतो, कधी करत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा या पाच-दहा रुपयांच्या बल्बात असते. डॅशबोर्डवरील सगळे बल्ब हौसेने एलईडीचे करून घेतलेल्या गाड्यांतही हेच घडते, कारण एलईडीतून जाणारा करंट फारच तुटपुंजा असतो. त्या एका जागी मूळ वॉटचा फिलामेंटचा बल्बच परत बसवावा.

बल्ब चांगला असूनही दिवा लागत नसेल, तर अल्टरनेटरच्या मागची दिव्याची बारीक वायर सॉकेटसह काढून तिचे टोक चावी चालू ठेवून क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवावे. मागची जाड वायर मात्र या वेळी मुळीच हलवू नये, कारण ती थेट बॅटरीला जोडलेली असते. बारीक वायर टेकवताच दिवा लागला तर वायरिंग ठीक आहे आणि दोष अल्टरनेटरच्या आत, बहुधा झिजलेल्या कार्बनमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये आहे. काही अल्टरनेटरांच्या सॉकेटमध्ये दिव्याच्या वायरीबरोबर इग्निशनची दुसरी वायर असते. तिच्यावर चावी चालू असताना बॅटरीइतके व्होल्ट नसतील, तर आधी फ्यूज पाहावा.

दिवा पूर्ण न विझता मंद तेवत राहणे ही तिसरी अवस्था. दिव्याच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक उरला आहे एवढाच याचा अर्थ. तो फरक अल्टरनेटरच्या आतल्या डायोडमुळे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागामुळे) असेल किंवा मुख्य जाड वायरीच्या खराब जोडामुळे असेल. कोणता, ते पुढच्या चाचणीत उलगडते.

इंजिन चालू असताना

भरलेली बॅटरी बसवून, सर्व दिवे बंद ठेवून, इंजिन साधारण २००० आरपीएमवर धरावे आणि बॅटरीच्या पोस्टवर मीटर लावावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यानचा आकडा ठीक समजावा. १३.२ च्या खाली चार्जिंग अपुरे आहे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी बॅटरी पाणी झपाट्याने पिते, तिच्याभोवती ॲसिडचा ओलावा दिसतो आणि हेडलाइटचे बल्ब वारंवार उडतात. उन्हाळ्यात तासभर गाडी चालवल्यावर १३.६ दिसले तर घाबरू नये, कारण तापमान वाढल्यावर चार्जिंगचे व्होल्टेज खाली आणणे हे अनेक रेग्युलेटरांचे कामच असते.

आता हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि मागचे दिवे एकत्र लावून तोच आकडा पुन्हा घ्यावा. दोष लपलेला असतो तो याच पायरीवर. भाराशिवाय १४.२ दाखवणारी गाडी भाराखाली १२.८ वर आली, तर तिची बॅटरी रात्रीच्या प्रत्येक प्रवासात थोडी थोडी उतरत आहे. दोन हेडलाइटचे ११० वॉट, बाकीचे दिवे, ब्लोअर, वायपर आणि इग्निशन यांची बेरीज सहज साडेतीनशे वॉटपर्यंत, म्हणजे २५ अँपिअरच्या पुढे जाते. जुन्या छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर साधारण ४५ ते ५५ अँपिअरचे असतात आणि ती क्षमताही इंजिन वेगात असतानाची असते. सिग्नलला आयडलवर उभ्या असलेल्या गाडीत निम्मीसुद्धा मिळत नाही. त्यामुळे आयडलवर व्होल्टेज थोडे पडणे हा दोष नव्हे. २००० आरपीएमवरही ते सावरत नसेल, तर मात्र तो आहे.

येथे एका जुन्या पद्धतीचा निषेध करणे भाग आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे, आणि गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग ठीक, अशी परीक्षा आजही अनेक गॅरेजमध्ये घेतली जाते. जुन्या फियाट आणि अँबॅसडर गाड्यांत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो (जुन्या पद्धतीचा डीसी जनरेटर) असायचा, त्या काळातून ही सवय आलेली आहे. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक बाजूला झाली की व्होल्टेज क्षणार्धात कितीतरी पटीने उसळते आणि रेग्युलेटर, डायोड, स्टिरिओ किंवा इंजेक्शनच्या गाडीतील ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा कॉम्प्युटर) जायबंदी होतो. शिवाय गाडी चालू राहिली तरी पंचवीस अँपिअर मिळतात की पाच, हे त्यातून कळत नाहीच.

वाटेत हरवणारे व्होल्ट

समजा, भाराखाली बॅटरीवर १३.१ व्होल्ट मिळाले. आता मीटरचे काळे टोक अल्टरनेटरच्या धातूच्या अंगाला आणि लाल टोक त्याच्या मागच्या जाड वायरीच्या स्टडला लावावे. पान्याने किंवा टोकाने स्टड आणि अंग यांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. प्रचंड ठिणगी पडते. येथेही १३.१ च मिळाले, तर अल्टरनेटर खरोखरच कमी देतो आहे. पण येथे १४.२ मिळाले, तर अल्टरनेटर आपले काम पूर्ण करतो आहे आणि १.१ व्होल्ट वाटेत कोठेतरी खर्ची पडत आहेत. अशा गाडीचा अल्टरनेटर कितीदाही बदलला तरी फरक पडणार नाही.

ते कोठे जातात हे शोधण्यासाठी, भार तसाच ठेवून, मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या स्टडवर आणि दुसरे बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर लावावे. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालते, अर्धा व्होल्ट म्हणजे जोड तपासण्याची वेळ झाली. मग एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर लावावे, येथे ०.२ पेक्षा जास्त नको. पहिल्या मापात ०.३ आणि दुसऱ्यात ०.८ आले, तर दोषी अर्थिंगची बाजू आहे, आणि जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा असेच निघते.

याचे कारण रचनेतच आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबर वीज वाहू देत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांना विजेने जोडणारी गोष्ट म्हणजे एक-दोन अर्थ केबल किंवा विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या. त्या तेल, चिखल आणि पाण्याच्या सान्निध्यात असतात, क्लचपट्टी बदलताना गिअरबॉक्स उतरवला जातो तेव्हा सोडल्या जातात, आणि परत बसवताना कधी रंगावरच आवळल्या जातात, कधी राहूनच जातात. मग करंट दुसरी वाट शोधतो आणि ती क्लचच्या, चोकच्या किंवा ॲक्सिलेटरच्या केबलमधून जाते. सेल्फ मारल्यावर एखादी केबल गरम लागत असेल किंवा क्लचची केबल विनाकारण जड होऊन वारंवार तुटत असेल, तर मेकॅनिकला केबलची प्रत विचारण्याआधी अर्थिंग पाहावे.

हे जोड मीटरच्या ओहमच्या खुणेवर किंवा बझरवर तपासण्याचा मोह आवरावा. ०.८ व्होल्ट २० अँपिअरला हरवत असतील तर त्या जोडाचा रोध अवघा ०.०४ ओहम असतो, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. सगळ्या तारा सडून एकच तार उरलेली केबलसुद्धा बझर आनंदाने वाजवते. जोडाची परीक्षा त्यातून करंट जात असताना, व्होल्टेजच्या फरकावरच करावी.

दुरुस्ती साधी आहे, पण ती अर्धवट करू नये. इंजिन बंद करून आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. अर्थिंगचा बोल्ट पूर्ण काढून, लग आणि बॉडीचा पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करून, दातेरी वॉशर घालून आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. जेली आधी लावून मग आवळू नये. लगच्या तोंडाशी केबल हिरवी-काळी पडली असेल तर ती आतपर्यंत गेलेली असते. अशी केबल बदलावी. समुद्राच्या खाऱ्या हवेत, रत्नागिरी-मालवणपासून थेट मुंबईच्या चौपाटीलगतच्या पार्किंगपर्यंत, हे काम दर पावसाळ्याआधी करण्याजोगे आहे. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. टर्मिनल सैल बसते म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा किंवा खिळा ठोकलेला दिसला, तर नवे टर्मिनल आणावे. बारीक पोस्टच्या बॅटरीला जाड पोस्टचे टर्मिनल लावले की असे जुगाड सुरू होतात.

एवढे करून पुन्हा भाराखालचे माप घ्यावे. बहुसंख्य गाड्यांचे प्रकरण येथेच संपते.

अल्टरनेटर खरोखर दोषी असेल तर

त्याआधी पट्टा. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने चांगला दाबल्यावर तो साधारण एक सेंटिमीटर खाली जावा. आतली बाजू आरशासारखी चकाकत असेल तर तो घसरतो, ओल्या सकाळी किंचाळतो आणि भार वाढला की नेमका तेव्हाच अल्टरनेटरला फिरवत नाही. गरजेपेक्षा जास्त ताणला तर अल्टरनेटरचे आणि वॉटर पंपचे बेअरिंग जाते.

पट्टा ठीक असूनही स्टडवरच व्होल्टेज कमी असेल, तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि दिवे चालू असताना बॅटरीवर लावावा. मीटर डीसीच्या तारांवर एसीचे खोटे आकडे दाखवणारा नाही, याची खात्री आधी इंजिन बंद ठेवून करून घ्यावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसले तर एखादा डायोड गेला आहे. अल्टरनेटर तीन फेजची वीज तयार करतो आणि सहा डायोड ती एकदिशा करतात. एक डायोड उघडा पडला तरी व्होल्टेज बऱ्यापैकी दिसते, पण भार पेलवत नाही आणि स्टिरिओमध्ये इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी ऐकू येते. डायोड शॉर्ट झाला असेल तर उलट अडचण होते: बॅटरी रात्रभर अल्टरनेटरमधूनच उतरते. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, अल्टरनेटरचे अंग हाताला कोमट लागले तर यावर शिक्कामोर्तब झाले.

उभ्या गाडीत उतरणारी बॅटरी

चार्जिंग बरोबर असूनही चार-पाच दिवस उभी ठेवली की गाडी मरते, अशी तक्रार असेल तर गळती मोजावी. सगळे बंद करून, दारे लावून, निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि दहा अँपिअरच्या जागी लावलेला मीटर पोस्ट आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. या अवस्थेत चावी फिरवू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये; मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडतो. घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी एवढेच असलेल्या जुन्या गाडीत १० ते ३० मिलिअँपिअर ठीक आहेत. ५० मिलिअँपिअरसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-अवर नेतात, म्हणजे ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत अर्धी होते. अर्धा अँपिअर गळती असेल तर तीन दिवस पुरतात. वर्षभर मुंबईत उभी राहून गणपतीलाच कोकणात निघणाऱ्या गाडीसाठी हा हिशोब महत्त्वाचा आहे.

आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जावे आणि कोणत्या फ्यूजने तो कोसळतो ते पाहावे. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर मीटर काढून, निगेटिव्ह टर्मिनल सुटेच ठेवून अल्टरनेटरची जाड वायर सोडावी, तिचे टोक इन्सुलेशन टेपने झाकावे आणि मग पुन्हा माप घ्यावे. व्यवहारात चोर बहुधा नंतर बसवलेल्या वस्तू असतात: थेट बॅटरीवरून घेतलेला स्टिरिओचा ॲम्प्लिफायर, रिमोट लॉकचे युनिट, रिव्हर्स सेन्सर, डिकीचा न विझणारा दिवा. उंदरांनी कुरतडलेली वायरसुद्धा पावसाळ्यात असे करते.

नंतर बसवलेल्यांपैकी आणखी एक गोष्ट हेडलाइटची. मूळच्या ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचे बल्ब लावले आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला नाही, तर पंधरा-सोळा अँपिअर जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून जातात. स्विचचे प्लॅस्टिक वितळते, सॉकेट तपकिरी पडते, आणि इतके करून बल्बपर्यंत पुरे व्होल्ट पोहोचत नसल्याने उजेडही फारसा वाढत नाही. मूळ वॉटचे बल्ब ठेवून बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्फत जाड वायर दिली, तर उजेड लक्षणीय सुधारतो आणि अल्टरनेटरवर जादा भारही येत नाही.

अल्टरनेटर उघडावाच लागला तर पूर्ण नवा घेण्यापेक्षा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या स्वस्त नव्या अल्टरनेटरांची प्रत बेभरवशाची असते. कार्बन, दोन्ही बेअरिंग, रेग्युलेटर आणि गरज असल्यास डायोड प्लेट एकाच वेळी बदलून घ्यावी. स्लिप रिंगवर (रोटरवरच्या ज्या कड्यांवर कार्बन घासतात त्यांवर) खोल चर पडले असतील तर नवे कार्बनही लवकर झिजतील, म्हणून त्या घासून किंवा बदलून घ्याव्यात. काढलेले भाग परत मागावेत. बसवण्यापूर्वी बॅटरी चार्जरवर भरून घ्यावी, कारण पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्याचे काम नव्याने बांधलेल्या अल्टरनेटरवर सोपवले तर तो पहिल्याच दिवशी अतोनात तापतो. शेवटची मापे गाडी अर्धा-पाऊण तास चालवून, बोनेटखाली सगळे गरम झाल्यावर, पूर्ण भाराखाली घ्यावीत: काही रेग्युलेटर आणि डायोड थंड असताना नीट चालतात आणि तापल्यावरच दगा देतात, आणि दुकानाच्या दारात थंड इंजिनावर मिळालेला १४.२ चा आकडा अशा वेळी उपयोगाचा नसतो.